मलकापूर, चोरपांगरा आणि न्यूयॉर्कची यादी

14 फेब्रुवारी 2019 च्या दुपारी पुलवामा जिल्ह्यात लेथपोऱ्याजवळ स्फोटकांनी भरलेली गाडी केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या बसला धडकली आणि 40 जवान गेले. त्यांतले दोघे बुलढाणा जिल्ह्याचे. मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांगऱ्याचे नितीन राठोड. एक घाटाखालचे, एक घाटावरचे. आमच्या जिल्ह्यात पाणी, पीक, बोली, सोयरीक असं सगळंच घाटावर आणि घाटाखाली वेगळं मोजायची रीत आहे. त्या आठवड्यात कुणी मोजलं नाही.

हल्ल्याची जबाबदारी जैश-ए-मोहम्मदने घेतली. तिचा संस्थापक मसूद अझहर याचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत घालायचं की नाही, यावर पुढे अडीच महिने न्यूयॉर्कमध्ये खल चालला. जगाच्या शांततेसाठी आणि सुरक्षेसाठी देश एकमेकांना किती साथ देतात, हा एरवी वर्गात शिकवायचा विषय. तो आमच्या जिल्ह्यातल्या दोन घरांच्या दारात असा येऊन उभा राहिला.

मी घाटावरच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. माझे मामा केंद्रीय राखीव पोलीस दलातून निवृत्त होऊन मलकापूर तालुक्यात कापूस-सोयाबीन करतात. काश्मीर, बस्तर, मणिपूर, सगळीकडे त्यांची नोकरी झाली. या विषयावर आमचं कधीच पटत आलेलं नाही. पुलवामानंतर आणि पुन्हा पहलगामनंतर आमच्यात जे बोलणं झालं, त्यातलं मला मोलाचं वाटतं ते इथे मांडते.

मामा: तू नेहमी सांगते, सहकार्य, सहकार्य. मले एक सांग. जिल्ह्याची दोन पोरं गेली. सात दिवसानं न्यूयॉर्कातून कागद आला, आमी निषेध करतो म्हनून. त्या कागदाचं काय करायचं आमी?

मी: मामा, 21 फेब्रुवारीचा तो कागद नुसता निषेधाचा नव्हता. सुरक्षा परिषदेत पंधरा देश बसतात. अशा निवेदनाला पंधराही जणांची संमती लागते, चीनचीसुद्धा. त्यात जैशचं नाव होतं. एकेका शब्दावर ओढाताण झाल्याशिवाय असं नाव येत नसतं, म्हणून आठवडा लागला.

मामा: नाव त त्याईनंच सांगितलं होतं, व्हिडिओ काढून. परिषदेनं काय शोधलं त्यात?

मी: शोधलं काहीच नाही. पण कुणी केलं हे सगळ्यांना ठाऊक असणं वेगळं आणि ते सगळ्यांनी मिळून लिहून देणं वेगळं. लिहून दिलं की पुढे त्यावर बोट ठेवता येतं.

मामा: बोट ठेवून काय होते? आमची ड्यूटी सांगतो तुले. पहाटेच आरओपी निघे. रोड ओपनिंग पार्टी. सडकेच्या दोन्ही अंगानं, वावरातून, नालीतून चालत जायचं. पुढं कुत्रं, मांगं डिटेक्टरवाला. दर मोरीखाली वाकून पाहायचं. माती ताजी दिसली का थांबायचं. वायरचा तुकडा दिसला का थांबायचं. मंग वायरलेसवर सांगायचं, रस्ता खुला. तवा कॉन्व्हॉय हाले. त्या दिवशी 78 गाड्या होत्या, अडीच हजारावर मानसं. रस्ता तपासला होता. पन बाजूच्या सडकेवरून सिव्हिल गाडी आत आली. बस. एक वाट उघडी राह्यली तं सारी तपासनी पान्यात गेली. तुमच्या परिषदेत त साऱ्याच वाटा उघड्या हायेत.

यावर मला लगेच उत्तर सुचलं नव्हतं. नंतर ध्यानात आलं की मामांनी दिलेला दाखला माझ्याच बाजूचा आहे. दहशतवाद्यांची यादी हे जगाचं रस्ता तपासण्याचं काम आहे, आणि ते कुठे अडतं हे नेमकं सांगता येतं.

15 ऑक्टोबर 1999 ला सुरक्षा परिषदेने 1267 क्रमांकाचा ठराव केला. तो मुळात तालिबानसाठी होता, पुढे त्याच्या कक्षेत अल कायदा आणि इस्लामिक स्टेट आले. या ठरावाखालच्या समितीने यादीत नाव घातलं की सगळ्या देशांना तीन गोष्टी कराव्या लागतात. त्या माणसाचा पैसा गोठवायचा, त्याला सीमा ओलांडू द्यायची नाही, त्याला शस्त्रं मिळू द्यायची नाहीत. ठराव झाल्यावर अडीच महिन्यांतच, 31 डिसेंबर 1999 ला, कंदाहारला नेलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानातल्या प्रवाशांच्या बदल्यात आपण मसूद अझहरला सोडलं. त्याने जैश काढली. ऑक्टोबर 2001 मध्ये जैश यादीत गेली. संघटना यादीत आणि तिचा संस्थापक मात्र यादीबाहेर, असं मग 2019 पर्यंत चाललं. त्याचं नाव घालावं म्हणून भारताने 2009 मध्ये प्रयत्न केला. पठाणकोटच्या हल्ल्यानंतर 2016 मध्ये पुन्हा केला. 2017 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सने प्रस्ताव दिला. 27 फेब्रुवारी 2019 ला, पुलवामानंतर, त्याच तिघांनी परत दिला. 13 मार्चला मुदत संपत असताना चीनने तो रोखून धरला. 1 मे ला चीनने हात काढून घेतला आणि नाव यादीत गेलं.

मामा: 1 मे. तारीख चांगली ध्यानात हाये मले. त्याच दिवशी गडचिरोलीत जांभुळखेड्याले स्फोट झाला. पंधरा जवान गेले, गाडीचा ड्रायव्हर गेला. त्यात बी बुलढाना जिल्ह्याचे दोन होते. सकाळी महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन, दुपारी ही खबर, रात्री टीव्हीवर न्यूयॉर्कचा जल्लोष. मले त रात्री तो टीव्ही पाहवला नाई.

मी: जांभुळखेड्याला न्यूयॉर्क काही करू शकत नव्हतं, मामा. ते आपलं घरचं काम होतं, आपल्यालाच करायचं होतं. आणि त्या जल्लोषाबद्दल तुमचं खरं आहे. यादीतल्या नोंदीत अझहरचा अल कायदाशी संबंध लिहिला होता, पुलवामाचा उल्लेखही नव्हता. चीन राजी व्हावा म्हणून तो गाळला गेला, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं.

मामा: पाय. म्हंजे ज्या पोराईसाठी नाव टाकलं, त्या पोराईचंच नाव नाई.

मी: नाही. मलाही ते लागलं.

मामा: मंग रोखून धरलं म्हंजे नेमकं काय केलं? नकाराधिकार?

मी: नकाराधिकारापेक्षा वाईट. समितीत पंधराही सदस्यांची सहमती लागते. कुणालाही सांगता येतं, आम्हाला अजून विचार करायचा आहे. त्याला सहा महिने मिळतात, वर आणखी तीन महिने वाढवून मिळतात, आणि मग सरळ हरकत घेऊन प्रस्ताव बाद करता येतो. बैठक बंद दाराआड. कुणी रोखलं हे समिती जाहीर करत नाही. का रोखलं हेही नाही. ठरावीक मुदतीचे सदस्य दोन वर्षांनी जातात, त्यांची हरकत त्यांच्याबरोबर जाते. कायमचे पाच मात्र कायमच बसलेले. आपले मुत्सद्दी याला छुपा नकाराधिकार म्हणतात.

मामा: साधं फाइल दाबनं हाये हे. तहसीलमधी बी फाइल दाबली त बाबूले कधी ना कधी शेरा मारावा लागते.

मी: इथे शेरासुद्धा लागत नाही.

मामांना यादी फुकाची वाटते आणि मला ती अपुरी वाटते. आमचा खरा वाद इथून पुढे सुरू होतो, कारण अपुरं असलेलं काम अधिक जोर लावून पुरं करता येतं, हे माझं म्हणणं त्यांना पटत नाही.

मामा: अझहरचं नाव गेलं यादीत. मंग तो काय उपाशी मेला? 2025 मधी पहलगाम झालंच ना? सव्वीस मानसं. महाराष्ट्रातले सहा. शेवटी 7 मे ले बहावलपूरले मिसाइल पडलं तवा त्याच्या घरची मानसं गेली म्हने. यादीनं काय केलं, अन् मिसाइलनं काय केलं, तूच सांग.

मी: मिसाइलने केलं ते मी नाकारत नाही. पण मधल्या वर्षांचा हिशेब लावा. पैशाची वाट रोखायला पॅरिसमध्ये एफएटीएफ नावाची संस्था बसते. तिच्या हाती बंदूक नाही, बँका आहेत. जून 2018 मध्ये तिने पाकिस्तानला करड्या यादीत टाकलं. कर्ज मिळणं अवघड, व्यवहारावर नजर. मग काय काय झालं पाहा. फेब्रुवारी 2020 मध्ये लाहोरच्या न्यायालयाने हाफिज सईदला दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल शिक्षा दिली. 2022 मध्ये साजिद मीरला दिली. हा साजिद मीर म्हणजे 26/11 च्या रात्री फोनवरून मारेकऱ्यांना हुकूम सोडणारा. तो मेला, असं आधी सांगितलं जात होतं. एफएटीएफचं पथक पाकिस्तानात तपासणीला येणार म्हटल्यावर तो जिवंत झाला आणि तुरुंगातही गेला.

मामा: अन् ऑक्टोबर 2022 मधी पाकिस्तानले त्या यादीतून काढून टाकलं.

मी: काढलं. आणि दाब गेल्यावर काय होतं ते 22 एप्रिल 2025 ला पहलगाममध्ये दिसलं. दाब होता तोवर काम होत होतं, याचा याहून मोठा पुरावा मी कुठून आणू?

मामा: तू हरते तठी बी जिंकते.

मी: जिंकत नाही, मामा. याच साजिद मीरची पुढची गोष्ट ऐका. त्याला पाकिस्तानच्याच न्यायालयाने शिक्षा दिलेली. त्याचं नाव 1267 च्या यादीत घालायचा प्रस्ताव भारत आणि अमेरिकेने आणला, तर सप्टेंबर 2022 मध्ये चीनने तो रोखला. पुढच्याच महिन्यात सुरक्षा परिषदेची दहशतवादविरोधी समिती मुंबईत ताज हॉटेलात बैठकीला आली. जिथे माणसं मारली गेली तिथेच. तिथे भारताने मीरच्या आवाजाची फीत सगळ्यांना ऐकवली. आणि 2023 च्या जूनमध्ये चीनने तो प्रस्ताव कायमचा अडवला. ज्या देशाला वाचवायचं त्या देशाचं न्यायालय गुन्हेगार म्हणतं, तरी न्यूयॉर्कमध्ये अडवणूक, आणि कारण कुणाला सांगायचं नाही.

मामा: मंग मी काय म्हनतो याहून वेगळं? आपल्याच बळावर उभं राहावं मानसानं.

मी: बळावर उभं राहावंच. पण 7 मेचं ते ऑपरेशन सिंदूर झाल्यावर सरकारने सर्व पक्षांच्या खासदारांची सात शिष्टमंडळं जगभर का पाठवली? आपल्या महाराष्ट्रातले श्रीकांत शिंदे एकाचे नेते, सुप्रिया सुळे दुसऱ्याच्या. बळ वापरल्यावरही ते का वापरलं हे पटवून द्यायला देशोदेशी फिरावं लागलं. एकट्याच्या बळाने भागलं असतं तर ही तिकिटं कुणी काढली असती?

मामा गप्प राहिले, पण पटलं म्हणून नव्हे. ते असे गप्प राहिले की पुढचा मुद्दा शोधत असतात.

मामा: बरं, समुद्रातली ती गोष्ट घे. नेव्हीनं सोमाली चाचे धरून आनले ते. मुंबईत उतरवले ना? ते बळ नाई त काय?

मी: एमव्ही रुएन. तुम्ही ती काढलीत ते बरं झालं. मार्च 2024 मध्ये आपल्या किनाऱ्यापासून सुमारे 2600 किलोमीटरवर आयएनएस कोलकाताने ते अपहृत जहाज अडवलं, हवाई दलाच्या विमानातून मार्कोस कमांडो समुद्रात उतरले. पस्तीस चाचे शरण आले, जहाजावरचे सतरा जण सुखरूप सुटले. त्यांत एकही भारतीय नव्हता. बल्गेरियाचे, म्यानमारचे, एक अंगोलाचा. जहाजावर झेंडा माल्टाचा.

मामा: पाय. दुसऱ्याची मानसं, आपन सोडवली.

मी: सोडवली. आणि नंतर त्या पस्तीस जणांचं काय करायचं होतं? भर समुद्रात परदेशी जहाजावर परदेशी माणसांनी केलेला गुन्हा. मुंबई पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं ते कुठल्या अधिकारात? समुद्राच्या कायद्याचा आंतरराष्ट्रीय करार म्हणतो की चाच्यांना कुठलाही देश पकडू शकतो आणि त्यांच्यावर खटला चालवू शकतो. त्या करारानुसार आपण 2022 मध्ये स्वतःचा चाचेगिरीविरोधी कायदा केला. कमांडोंचं धाडस आपलं. पण धाडस संपल्यावर खटला उभा राहिला तो या करारावर.

मामा: गेवराईचा तो जबिउद्दीन अन्सारी. त्यालेही असंच आनलं होतं ना?

मी: हो. बीड जिल्ह्यातला माणूस, 26/11 च्या वेळी कराचीच्या नियंत्रण कक्षात बसलेला. सौदी अरेबियात पाकिस्तानी पासपोर्टवर राहत होता. जून 2012 मध्ये सौदीने त्याला भारताच्या हवाली केलं, पाकिस्तान त्याला परत मागत असताना. तिथे सुरक्षा परिषद नव्हती, यादी नव्हती. दोन देशांनी एकमेकांचे कागद तपासले आणि एकाने दुसऱ्यावर विश्वास ठेवला. 26/11 चाच आरोपी तहव्वूर राणा एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेतून आला तोही असाच, वर्षानुवर्षांच्या न्यायालयीन लढाईनंतर. मी सहकार्य म्हणते ते याला. निवेदनांना नव्हे.

एक गोष्ट मामांना माझ्याहून जवळून ठाऊक आहे, आणि ती सांगताना त्यांचा आवाज बदलतो. 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातलं पहिलं सर्व महिलांचं पोलीस पथक लायबेरियात गेलं ते राखीव पोलीस दलाचं होतं. शंभराहून अधिक मुली. मॉन्रोव्हियात राष्ट्राध्यक्ष एलन जॉन्सन सरलीफ यांच्या कार्यालयाचा पहारा त्यांच्याकडे होता. 2016 पर्यंत तुकड्या बदलत हे काम चाललं.

मामा: आमच्या दलाच्या पोरी. निळी टोपी घालून. बाप्पा! त्या वापस आल्या तवा मेसमधी साऱ्याईनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या पोरींकडे पाहून तठच्या बाया पोलिसात भरती झाल्या म्हने. तेवढं एक काम तुमच्या संघटनेचं मी मानतो.

मी: मग हे ऐकून तुम्हाला राग यायला हवा. ऑक्टोबर 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं, पैसा नाही, शांतिसैनिक सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी करावे लागणार. शांतिसेनेचं वर्षाचं अंदाजपत्रक साडेपाच अब्ज डॉलरच्या आसपास. 2024 मध्ये सगळ्या जगाने लष्करावर खर्च केले 2718 अब्ज डॉलर. लष्करावर साधारण पाचशे रुपये जातात तेव्हा शांतिसेनेवर एक रुपया जातो, आणि तोही परवडेना.

मामा: कोन देत नाई?

मी: सगळ्यात मोठी थकबाकी अमेरिकेची. भारताने आजवर जवळजवळ तीन लाख सैनिक आणि पोलीस पाठवले, 180 हून अधिक जण तिथे मेले. मरणारा देश वेगळा आणि पैसे थकवणारा वेगळा.

मामा: अन् तरी तू म्हनते भरोसा ठेवा.

मी: भरोसा ठेवा असं मी कधीच म्हटलं नाही. हिशेब मागा, असं म्हणते.

खताची गोष्ट इथे यायलाच हवी, कारण ती मामांनीच काढली. 2024 च्या रब्बीत डीएपी मिळेना. पन्नास किलोच्या 1350 रुपयांच्या पोत्यासाठी कृषी केंद्रांवर रांगा. पोतं पाहिजे तर नॅनो युरियाची बाटलीही घ्या, हे लिंकिंग वेगळं. हरभरा पेरायला उशीर झालेले शेतकरी तुटवड्यासाठी सरकारला शिव्या देत होते, दुकानदाराला देत होते. तांबड्या समुद्राला कुणीच दिल्या नाहीत. चीनने निर्यात आवळली होती हे एक कारण. दुसरं, येमेनचे हुथी बंडखोर नोव्हेंबर 2023 पासून त्या समुद्रात जहाजांवर मारा करत होते, म्हणून त्या वाटेने येणारं खत आफ्रिकेला वळसा घालून येत होतं. जानेवारी 2024 मध्ये सुरक्षा परिषदेने हल्ले थांबवा म्हणून ठराव केला. अकरा मतं बाजूने, विरोधात एकही नाही, चार तटस्थ. हल्ले थांबले नाहीत.

मामा: बस, हेच तं मी सांगतो. अकरा मतं पडली अन् माह्या वावरात पोतं नाई.

मी: पण आता तुम्ही मान्य केलंत की येमेनच्या किनाऱ्यावर काय चालतं ते तुमच्या वावरात येतं. मग तो किनारा एकट्या भारताने राखायचा? दरवर्षी? राखला तरी चीनची निर्यातबंदी तुमच्या युद्धनौकेने उठणार आहे का?

मामा: नाई उठनार.

एवढे दोन शब्द मिळायला मला बराच काळ लागला.

त्यांनीही मला सोडलं नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली, सुरक्षा परिषदेतला निषेधाचा ठराव स्वतःच्या मताने पाडला, आणि 2 मार्चला महासभेत 141 देशांनी निषेध केला तेव्हा भारत तटस्थ राहिला. गाझाच्या युद्धविरामाचे ठराव अमेरिकेनेही असेच पाडले, पुन्हा पुन्हा.

मामा: आपन तटस्थ. युक्रेनच्या मायले काय वाटलं असन? तुले चीनकडून कारन पायजे. मंग युक्रेनवाल्याईले आपल्याकडून नाई पायजे?

मी: पाहिजे, आणि आपण दिलं. पटण्यासारखं होतं की नाही यावर वाद घाला, मलाही ते पुरतं पटलेलं नाही. पण भारताचं मत भर सभागृहात मोजलं गेलं, आपल्या राजदूतांनी उभं राहून कारण सांगितलं, ते नोंदीत आहे. युक्रेनची आई ते काढून वाचू शकते आणि आपल्याला बोल लावू शकते. चोरपांगऱ्याच्या आईला चीनचं कारण कुठे वाचायला मिळेल?

मामा: (थोडं थांबून) हं.

मी: आणि आता नीट ऐका. 26 एप्रिल 2022 ला महासभेने ठराव केला. सुरक्षा परिषदेत कुणीही नकाराधिकार वापरला की दहा कामकाजाच्या दिवसांत महासभेची बैठक बसते, वापरणाऱ्याला आपली बाजू मांडायची संधी असते आणि बाकी सगळे त्याला जाब विचारू शकतात. लिश्टेनस्टाइनने तो आणला. मेहकर तालुक्याहूनही लहान देश. रशिया, चीन कुणालाच तो अडवता आला नसता, कारण महासभेत नकाराधिकार चालत नाही. म्हणजे युद्धासारख्या गोष्टीत अडवलं तर चारचौघांत उभं राहावं लागतं. पण खुन्याचं नाव यादीत जाऊ दिलं नाही, तर कुणासमोर उभं राहावं लागत नाही. ही फट आहे, मामा. तुमची ती बाजूची सडक.

मामा: मंग बुजवत काहून नाई?

मी: कारण आपण मोठी मागणी धरून बसतो. सुरक्षा परिषदेत कायम जागा. ती मिळायला हवीच, पण परिषद शेवटची वाढली ती 1965 मध्ये, अकराची पंधरा झाली. सनद बदलायची तर दोन तृतीयांश देश लागतात आणि पाचही कायम सदस्य लागतात. दहशतवादावर सर्वंकष कराराचा मसुदा भारताने 1996 मध्ये मांडला, तो व्याख्येवर अडून आजही तसाच आहे. मोठ्या दारांवर आपण दशकानुदशकं थाप मारतो. अडवलेल्या नावांची माहिती महासभेपुढे आलीच पाहिजे, कुणी अडवलं आणि का हे उघड झालंच पाहिजे, असा लहानसा ठराव मात्र आपण लिश्टेनस्टाइनसारखा आणू शकतो.

मामा: चीन मानन?

मी: नाही मानणार. पण मानायचं नसेल तर त्यालाही उघड नाकारावं लागेल. एप्रिल 2025 मध्ये पहलगामवर परिषदेचं निवेदन निघालं, त्यातून हल्ल्याची जबाबदारी आधी घेतलेल्या टीआरएफ या संघटनेचं नाव गळलं. पाकिस्तान तेव्हा परिषदेचा सदस्य होता. ते नाव पाकिस्तानने गाळायला लावलं हे त्यांच्याच परराष्ट्रमंत्र्यांनी पुढे त्यांच्या संसदेत सांगितलं म्हणून जगाला कळलं. त्यांनी फुशारकी मारली नसती तर आपण अंदाजच करत बसलो असतो. आणि उघड झाल्यावर काय झालं? जुलैत अमेरिकेने टीआरएफला दहशतवादी संघटना जाहीर केलं, परिषदेच्याच तज्ज्ञ पथकाच्या अहवालात तिचं नाव आलं. उजेड पडला की काहीतरी हलतं.

मामांचं मत बदललेलं नाही. सरहद्दीवरचा माणूस आणि त्याच्या हातातलं हत्यार, यांवरच देश टिकतो असं ते आजही म्हणतात, आणि ज्याने पहाटे मोरीखाली वाकून पाहिलं आहे त्याला तसं म्हणायचा हक्क आहे. माझंही मत बदललेलं नाही. पण एका मागणीवर आम्ही दोघे एक झालो, आणि ती त्यांच्याच शब्दांत लिहायची असं ठरलं.

मामा: लिही. ज्याले आमच्या पोराईच्या खुन्याचं नाव यादीत नको, त्यानं स्वतःचं नाव सांगावं.

चोरपांगरा बुलढाणा लोकसभा मतदारसंघात येतं, मलकापूर रावेरमध्ये. या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांना आमची विनंती आहे. भारताने 1267 समितीपुढे दिलेली किती नावं आज रोखून धरलेली आहेत, कधीपासून, आणि रोखणाऱ्याचं नाव व कारण जाहीर व्हावं यासाठी सरकार महासभेत काय करणार आहे, एवढा प्रश्न त्यांनी येत्या अधिवेशनात लेखी विचारावा. आणि वाचकहो, ते तुमच्या गावात येतील तेव्हा तुम्हीही त्यांना हेच विचारा.